मॅलरीची आर्थरकथा : एका शपथेची आणि एका वादाची पार्श्वभूमी

सर टॉमस मॅलरीने लिहिलेली ब्रिटनच्या दंतकथेतल्या आर्थर राजाची कथा आज इंग्रजीत दोन रूपांत मिळते. एका रूपात २१ भाग आणि ५०७ प्रकरणे आहेत, तर दुसऱ्यात आठ मोठ्या कथा. पात्रे तीच, लढाया त्याच, गोलमेजाचा, म्हणजे आर्थरच्या नाइटांच्या मंडळाचा, विध्वंसही तोच. पण नाइटने, म्हणजे राजाच्या घोडेस्वार योद्ध्याने, कसे वागावे हे ज्या एका परिच्छेदात सांगितले आहे, तो दोन्हींकडे सारखा नाही. मध्ययुगीन वीरधर्माची चर्चा निघाली की वारंवार याच परिच्छेदाचा हवाला दिला जातो. म्हणून हा फरक कुठून आला ते पाहायला हवे.

कथेची मुळे बरीचशी फ्रेंच भाषेत आहेत. ११००च्या सुमाराच्या रोलाँच्या गीत या फ्रेंच वीरकाव्यातला योद्धा धन्यासाठी आणि धर्मासाठी मरतो. प्रेमाला तिथे फारशी जागा नाही. ११५५मध्ये वास या नॉर्मन कवीच्या काव्यात गोलमेज प्रथम आले. ११७०नंतर क्रेतिएँ द त्र्वा या फ्रेंच कवीने आर्थरचा नाइट लान्सलॉट आणि आर्थरची राणी यांचे प्रेम रंगवले, आणि नाइटच्या निष्ठेला राजाखेरीज दुसरे स्थान मिळाले. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात हे सारे अवाढव्य फ्रेंच गद्यचक्रात ओवले गेले. मॅलरीने बराचसा मजकूर तिथून घेतला आणि खूप छाटला.

त्याने लेखन संपवले ते इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याच्या राज्याच्या नवव्या वर्षी, म्हणजे १४६९-७०मध्ये. तेव्हा तो कैदेत होता. वॉरिकशरमधल्या ज्या मॅलरीला बहुतेक अभ्यासक या पुस्तकाचा कर्ता मानतात, त्याच्यावर १४५१मध्ये दबा धरून हल्ला, मठाची लूट आणि स्त्रीवर बळजबरी असे आरोप ठेवले गेले होते. त्यांची सुनावणी कधी पुरी झाली नाही. देशात दोन राजघराण्यांचे युद्ध चालू होते आणि सरदार पक्ष बदलत होते. अशा काळात अशा माणसाने नाइटसाठी शपथ लिहिली. त्याच्या फ्रेंच आधारांत ती सापडत नाही, ती त्याची स्वतःची भर आहे.

शपथेआधीचा प्रसंग वाचल्याशिवाय ती कळत नाही. आर्थरच्या लग्नाच्या मेजवानीतून त्याचा भाचा गवेन एका मोहिमेवर निघतो. वाटेत एका नाइटला तो पाडतो. पडलेला माणूस जीवदान मागतो, गवेन ते नाकारून तलवार उगारतो, तेवढ्यात त्या नाइटची प्रिया मध्ये झेपावते आणि घाव तिच्या मानेवर बसतो. गवेन तिचे मस्तक घेऊन दरबारात परततो. राणी आणि तिच्या सख्या त्याचा निवाडा करतात : यापुढे जन्मभर स्त्रियांच्या बाजूने लढायचे, आणि दया मागणाऱ्याला कधी नाही म्हणायचे नाही. त्यानंतर आर्थर सर्वांकडून शपथ घेतो, आणि ती दरवर्षी पेंटेकॉस्टच्या ख्रिस्ती सणाला पुन्हा घेतली जाते. अत्याचार आणि खून करायचा नाही, फितुरी करायची नाही, दया मागेल त्याला दया द्यायची, प्रेमासाठी किंवा पैशासाठी अन्यायाच्या बाजूने लढायचे नाही.

वाद आहे तो यातल्या स्त्रियांविषयीच्या कलमात. मुद्रक विल्यम कॅक्स्टनने ३१ जुलै १४८५ रोजी वेस्टमिन्स्टरला हे पुस्तक छापून पुरे केले. त्याच्या पाठात नाइटने स्त्रियांच्या मदतीला धावावे, नाहीतर मृत्युदंड, एवढेच आहे. पुढे सापडलेल्या हस्तलिखितात मात्र विधवांचा उल्लेख आहे, स्त्रियांना त्यांच्या हक्कांत बळ द्यावे असे आहे, आणि त्यांच्यावर कधीही बळजबरी करू नये, केल्यास मृत्युदंड, असेही आहे. हा किरकोळ पाठभेद नाही. छापील शपथेत स्त्री संकटात सापडलेली आहे, हस्तलिखितातल्या शपथेत तिला हक्क आहेत आणि तिला धोका आहे तो खुद्द नाइटपासून. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडने नाइटचे जे गोजिरे रूप उभे केले, ते छापील पाठाच्या पुनर्मुद्रणांवर उभे केले. दुसरा पाठ तेव्हा कुणी पाहिलेलाच नव्हता.

तो सापडला १९३४मध्ये, विंचेस्टरच्या एका जुन्या शाळेत. ग्रंथपाल जुन्या बांधण्या तपासत असताना तिजोरीत एक हस्तलिखित निघाले. पहिली आणि शेवटची पाने गहाळ, अक्षर दोन लेखनिकांचे, आणि मजकुरातली व्यक्तींची नावे तांबड्या शाईत. पुढे त्यावरून जी आवृत्ती तयार झाली, ती १९४७मध्ये तीन खंडांत आली आणि तिच्या संपादकाने एक धाडसी निर्णय घेतला. कॅक्स्टनने दिलेले ‘ल मोर्त दार्थर’ (आर्थरचा मृत्यू) हे नाव काढून टाकून त्याने संग्रहाला ‘मॅलरीच्या कृती’ अशा अर्थाचे शीर्षक दिले. त्याचे म्हणणे असे की हा एक ग्रंथ नसून आठ स्वतंत्र कथा आहेत, त्यांना एकत्र बांधले ते मुद्रकाने.

त्याच्या बाजूने पुरावा होता. हस्तलिखितात कथा संपताना लेखकाचे समाप्तीचे शब्द येतात. पहिल्या कथेच्या शेवटी तर बंदिवान मॅलरी सांगतो की ज्याला पुढे लिहायचे असेल त्याने आर्थर, लान्सलॉट, ट्रिस्टन यांची दुसरी पुस्तके शोधावीत. शिवाय एका कथेत मेलेला नाइट दुसऱ्या कथेत पुन्हा घोड्यावर दिसतो.

तरीही हा निर्णय चुकला असे मला ठामपणे वाटते. पहिल्या कथेपाशी मॅलरीला सगळा ग्रंथ दिसत नसेल, हे मान्य. पण शेवटी तो दिसत होता. अखेरच्या समाप्तिलेखात तो आर्थर आणि गोलमेजाच्या नाइटांचे ‘संपूर्ण पुस्तक’ इथे संपले असे लिहितो. हस्तलिखिताची शेवटची पाने हरवल्यामुळे हे शब्द फक्त कॅक्स्टनच्या छापील प्रतीत उरले आहेत, आणि १९४७च्या आवृत्तीलाही आपला शेवट तिथूनच घ्यावा लागला. शब्द बाजूला ठेवले तरी गवेन उरतोच. लान्सलॉटवरच्या प्रेमापायी जाळायला नेलेल्या राणीला चितेवरून सोडवताना लान्सलॉटकडून गवेनचे निःशस्त्र भाऊ नकळत मारले जातात. लान्सलॉट पुनःपुन्हा समेट मागतो, गवेन नाकारतो, आणि त्या नकारापायी राज्य बुडते. जीवदान नाकारणारा पहिल्या कथेतला गवेन आणि हा गवेन वेगवेगळ्या पुस्तकांत ठेवले, तर शपथ कशासाठी होती तेच वाचकाच्या हातून निसटते. १९६७च्या दुसऱ्या आवृत्तीतही संपादकाने भूमिका सोडली नाही.

हस्तलिखित १९७६मध्ये लंडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विकत घेतले. त्यानंतरच्या तपासणीत पानांवर कॅक्स्टनच्या छापखान्यातल्या ओल्या शाईचे, उलट्या अक्षरांचे ठसे आढळले. एक फाटलेले पान तर त्याने १४८९मध्ये छापलेल्या पापमुक्तिपत्राच्या (पापांची शिक्षा माफ करणाऱ्या चर्चच्या पत्राच्या) तुकड्याने सांधलेले होते. म्हणजे कॅक्स्टनच्या छापखान्यात हे हस्तलिखित वर्षानुवर्षे होते, पण त्याने जुळणी केली ती दुसऱ्या प्रतीवरून.

२०१३च्या विद्वत्तापूर्ण आवृत्तीने दोन्ही पाठ एकमेकांशी ताडून नवा पाठ सिद्ध केला आणि शीर्षक पुन्हा कॅक्स्टनचेच घेतले. स्वस्त आवृत्त्यांत मात्र दोन्ही परंपरा अजून शेजारी शेजारी चालू आहेत. हातातली प्रत कोणत्या परंपरेतली आहे हे तपासायचे असेल, तर लग्नाच्या मेजवानीनंतरची शपथ काढावी आणि तिच्यात विधवा आहेत का ते पाहावे.