‘अव’ आणि ‘अब्बा’: बायबलमधले बापाचे दोन शब्द

ख्रिस्ती प्रवचनांत एक वाक्य हमखास कानावर येतं: ‘हिब्रूत बापाला अब्बा म्हणतात, आणि अब्बा म्हणजे डॅडी.’ ऐकायला गोड आहे, पण शास्त्र उघडून बसलं की टिकत नाही. जुन्या कराराच्या हिब्रूत बापाला ‘अव’ म्हणतात. ‘अब्बा’ अरामी भाषेतला. दोघे एकाच घराण्यातले, अरबीतला ‘अब’ही त्यांचा भाऊबंद, म्हणून गल्लत होते.

उच्चारातला फरक किरकोळ आहे. ‘अव’ची अक्षरं आलेफ आणि बेत, म्हणजे हिब्रू वर्णमालेतली पहिली दोन. स्वरानंतर एकटा आलेला बेत ‘व’ होतो, दुहेरी, म्हणजे ‘ब्ब’सारखा जोडून आला की ‘ब’ राहतो. आपण ज्याला अब्राहाम म्हणतो, त्याला हिब्रू वाचणारा ‘अव्राहाम’ म्हणतो तो याचमुळे.

खरा फरक वापरात आहे. ‘अव’ जुन्या करारात हजाराहून जास्त वेळा येतो आणि त्याचा पसारा जन्मदात्यापुरता नाही. याकोबाला स्वप्नात देव सांगतो, मी तुझा ‘अव’ अब्राहाम याचा देव. अब्राहाम तर त्याचा आजा! ‘अव’चं अनेकवचन ‘अवोत’, म्हणजे वाडवडील. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात याबाल हा तंबूत राहून गुरं राखणाऱ्यांचा ‘अव’ आहे, आणि त्याचा भाऊ युबाल तंतुवाद्यं नि पावा वाजवणाऱ्यांचा. तिथे रक्ताचं नातं शोधू नये. आपला ‘मूळपुरुष’ हा शब्द चपखल बसतो.

मग येतो अधिकार. योसेफ भावांना म्हणतो, देवाने मला फारोचा ‘अव’ केलं, म्हणजे राजाचा सल्लागार, कारभारी. शास्त्यांच्या पुस्तकातला मीखाचा किस्सा मला याहून आवडतो. घरात देवघर थाटलेला हा गृहस्थ एका भटक्या तरुण लेव्याला, म्हणजे मंदिरसेवेच्या लेवी वंशातल्या माणसाला, गाठतो आणि म्हणतो, माझ्याकडे राहा, माझा ‘अव’ आणि याजक हो. वर्षाला चांदीचे दहा तुकडे, एक पोशाख आणि जेवण देईन. लेवी राहतो, आणि लगेच पुढच्या वचनात लिहिलंय की तो तरुण मीखाला मुलासारखा झाला. पगारी बाप, वयाने मुलगा! ‘अव’ हा मानाचा हुद्दाही होता, हे याहून ठसठशीतपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

देवाला ‘अव’ म्हणणं मात्र जुन्या करारात विरळ. अनुवाद, यशया, मलाखी या पुस्तकांतले अनुक्रमे ३२, ६३ आणि २ हे अध्याय अशा मोजक्या जागा आहेत, आणि तिथे बहुधा साऱ्या इस्राएलाचा बाप असा सूर आहे.

म्हणून ‘अव’ कोरडा आणि ‘अब्बा’ मायेचा, अशी वाटणी करावीशी वाटते. ती चुकीची आहे. अब्राहाम मुलाला, इसहाकाला, देवापुढे बळी द्यायला मोरिया डोंगराकडे नेतो, तेव्हा वाटेत इसहाक बापाला हाक मारतो, ‘अवी’, माझ्या बापा. अब्राहाम ‘ओ’ देतो, बाळा, मी इथे आहे. लाकडं मुलाच्या पाठीवर, विस्तव नि सुरी बापाच्या हातात. याहून कासावीस करणारी हाक शास्त्रात शोधून सापडणार नाही, आणि ती ‘अव’चीच आहे. एलीया संदेष्टा वावटळीतून वर जाताना त्याचा शिष्य अलीशाही ‘अवी, अवी’ असाच ओरडतो.

आता ‘अब्बा’. बॅबिलोनच्या बंदिवासानंतर यहुद्यांत अरामी रुळली, आणि येशूच्या गालीलात लोक हीच भाषा बोलत. अरामीत शब्दाच्या शेवटी ‘आ’ लागतो तो ‘तो विशिष्ट’ या अर्थाने, पण ‘अब्बा’ हाक मारायलाही चाले आणि ‘माझा बाप’ म्हणायलाही. ग्रीक नव्या करारात तो फक्त तीनदा आहे: मार्क १४ मध्ये, अटकेआधी येशूने गेथशेमाने बागेत केलेल्या प्रार्थनेत, रोमकरांस पत्र ८ आणि गलतीकरांस पत्र ४ मध्ये. तिन्ही ठिकाणी लगेच ग्रीक ‘पातेर’ येतो, मराठी बायबलच्या ‘अब्बा, बापा’ या जोडीसारखा. ग्रीकमध्ये लाडिक ‘पाप्पा’ होता, होमरच्या ओडिसीत नाउसिका बापाकडे गाडी मागताना तोच वापरते. नव्या कराराच्या लेखकांनी तो घेतला नाही.

‘अब्बा’ लहान मुलांच्या बोबड्या बोलातून आला, हे मत विसाव्या शतकात जर्मन अभ्यासक योआखिम येरेमियास यांच्यामुळे पसरलं. १९८८ मध्ये बायबलचे अभ्यासक जेम्स बार यांनी लेखाच्या मथळ्यातच सांगितलं की अब्बा म्हणजे डॅडी नव्हे. मला मिश्ना या यहुदी नियमग्रंथातला पुरावा सर्वांत पटतो. बापाच्या मागे कर्जाचा व्यवहार निघाला की वारसांनी घ्यायची शपथ तिथे दिली आहे: याबद्दल ‘अब्बा’ने आम्हांला काही सांगितलं नाही, त्याच्या कागदांत हे कर्ज फिटल्याचं आम्हांला आढळलं नाही. न्यायाधीशांपुढे उभे असलेले वारस बोबडं बोलत नाहीत. मुलंही ‘अब्बा’ म्हणत, हे तालमूद या मिश्नावरच्या चर्चाग्रंथात आहेच. आपल्याकडे पाच वर्षांचं पोर आणि पन्नाशीचा गृहस्थ दोघेही ‘बाबा’ म्हणतात, तसं ते होतं.

आजच्या इस्राएलात मात्र प्रवचनकाराचं वाक्य बरोबर ठरतं. १८८२ मध्ये जेरुसलेममध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाला हिब्रूचे पुरस्कर्ते एलिएझर बेन येहुदा यांनी हिब्रूतच वाढवलं, आणि हिब्रू पुन्हा घरात बोलली जाऊ लागली. घरगुती बोलीत बापासाठी जुना अरामी ‘अब्बा’ रुजला. त्या मुलाने पुढे घेतलेल्या ‘इतामार बेन अवी’ या नावात मात्र ‘अव’च आहे.

मराठी वाचकाला दोन चकवे आणखी लागतात. आपला ‘आबा’ ‘अब्बा’सारखा वाटतो, पण तो योगायोग, बाळांना ब नि म आधी जमतात, एवढंच. गंमत म्हणजे कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांत अब्राहामचा आबाजी व्हायचा. दुसरा चकवा यहुदी पंचांगातल्या ‘आव’ महिन्याचा. अक्षरं तीच, पण महिन्यांची ही नावं बॅबिलोनहून आली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा नऊ आवचा उपास, ज्याला बेने इस्राएल बिरड्याचा सण म्हणत, त्याचा बापाशी काही संबंध नाही.