बांगलादेशला जाणारा कांदा आणि ‘किमान निर्यात मूल्या’चा घोळ

नाशिक पट्ट्यातल्या कांद्याचं सगळ्यांत जवळचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश. पूर्वी ही निर्यात ठरावीक संस्थांमार्फतच चालायची. आजची दुखणी मात्र अलीकडची आहेत. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यात बंद झाली, मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंद. या दुसऱ्या बंदीच्या वेळी भरलेले ट्रक पश्चिम बंगालच्या सीमेवर रांगेत अडकले. ताडपत्रीखाली चार-पाच दिवस कोंडलेल्या कांद्याच्या गोणीला तळातून पाणी सुटतं. तो माल परत आणूनही विकता येत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क आलं, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ८ डिसेंबरपासून पूर्ण बंदी.

‘किमान निर्यात मूल्य’ या शब्दाने सगळ्यांत जास्त घोळ घातला आहे. अनेकांना तो कर वाटतो. तो कर नाही. त्यातून तिजोरीत दमडीही जात नाही. ठरवलेल्या भावापेक्षा कमी दराने विकलेला माल कस्टम सोडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे किमान मूल्य ५५० डॉलर ठरलेलं असताना गिऱ्हाईक ४०० डॉलरला घ्यायला तयार असलं, तरी कागदावर ५५० दाखवल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.

४ मे २०२४ ला, नाशिक भागातल्या मतदानाच्या सोळा दिवस आधी, ‘बंदी उठवली’ असं जाहीर झालं. सोबत टनाला ५५० डॉलर किमान मूल्य होतं आणि ४० टक्के शुल्कही होतं. डॉलर ८३ रुपये धरा: किलोला साडेपंचेचाळीस रुपये, त्यावर अठरा रुपये शुल्क. सीमा ओलांडण्याआधीच कांदा ६४ रुपयांना पडला, तेव्हा लिलावात शेतकऱ्याला किलोला वीस रुपयेही मुश्किलीने मिळत होते. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा, ही सरकारची बाजू. पण याला बंदी उठवणं म्हणणं शेतकऱ्याची फसवणूक होती. किमान मूल्य सप्टेंबर २०२४ मध्ये गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही हटलं.

तोवर पलीकडची बाजू बदलली होती. बांगलादेशात प्रत्येक आयातदाराला आयात परवाना लागतो, व्यापारी त्याला ‘आयपी’ म्हणतात. तिथल्या शेतकऱ्याचा कांदा निघाला की हे परवाने थांबवले जातात. वारंवारच्या बंदीने पोळलेल्या त्या देशाने स्वतःचं पीक वाढवायचं धोरणही धरलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या बाजूचं शुल्क शून्यावर आलं, तेव्हा तिकडून परवानेच मिळत नव्हते, आणि उन्हाळ कांदा साठवणुकीच्या कांदाचाळीत पडून होता.