रिव्हर्स स्विंग (भारतीय वेगवान गोलंदाजी)

एका बाजूने झिजलेला जुना चेंडू वेगात टाकल्यावर नेहमीच्या स्विंगच्या उलट दिशेला हवेत वळतो, त्याला रिव्हर्स स्विंग म्हणतात. हे तंत्र पाकिस्तानच्या सरफराज नवाज, इम्रान खान, वसीम अक्रम आणि वकार युनूस यांच्या हातून जगाला कळले. भारतात मनोज प्रभाकर, झहीर खान, महंमद शमी, उमेश यादव आणि जसप्रीत बुमराह यांनी ते आपापल्या पद्धतीने वापरले. भारतात वेगवान गोलंदाजाच्या वाट्याला हिरवी खेळपट्टी क्वचित येते. त्यामुळे इथे त्याचे मोल पहिल्या दहा षटकांपेक्षा चाळिसाव्या षटकानंतर ठरते, आणि उमेशची कारकीर्द याच नजरेने वाचावी लागते.

चेंडू उलट का वळतो

नवा चेंडू टाकताना उजव्या हाताचा गोलंदाज शिवण पहिल्या स्लिपकडे (यष्टिरक्षकाशेजारच्या क्षेत्ररक्षकाकडे) तिरकी धरतो आणि चकाकती बाजू फलंदाजाच्या पायांकडे ठेवतो. शिवणीला घासून गेलेली हवा त्या बाजूला चेंडूला जास्त वेळ चिकटून राहते आणि चेंडू शिवणीच्या दिशेने, म्हणजे बाहेर, जातो. हा आउटस्विंग. चेंडू झिजल्यावर गणित उलटते. खरबरीत बाजूवरची हवा आधीच विस्कटलेली असते, पुढे उंच शिवण लागली की ती लवकर सुटते, आणि चकाकत्या बाजूची हवा मात्र चिकटून राहते. मग चेंडू चकाकीकडे ओढला जातो. पकड तीच, शिवण तशीच स्लिपकडे, आणि चेंडू मात्र आत येतो. फलंदाज फसतो तो इथे.

यासाठी वेग लागतो. ताशी 135 ते 140 किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाच्या गोलंदाजाला हे सहज साधते. त्यापेक्षा संथ गोलंदाजाला चेंडू फार झिजेपर्यंत वाट पाहावी लागते.

चेंडू तयार करणे

हे काम अकरा जणांचे असते आणि ते पहिल्या षटकापासूनच चालते. भारतातल्या कसोटीत वापरला जाणारा एसजी चेंडू मेरठला बनतो. त्याची शिवण हाताने घातलेली आणि उठावदार असते. कसोटीच्या चेंडूचे वजन सुमारे 156 ते 163 ग्रॅम असते आणि 80 षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो. म्हणजे साधारण चाळिसाव्या षटकापासून नवा चेंडू येईपर्यंतचा काळ रिव्हर्सचा.

बहुतेक संघ चकाकीची जबाबदारी एकदोघांवर सोपवतात. एक बाजू घामाने ओलसर करून पँटवर एकाच दिशेने घासायची, दुसरीला पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही. नेमके इथेच बिघडते. ज्याच्या तळहाताला घाम सुटतो त्याने चेंडू पूर्ण मुठीत धरला, की खरबरीत बाजू ओली होते आणि तासाभराची मेहनत वाया जाते. म्हणून जाणता क्षेत्ररक्षक चेंडू दोन बोटांनी, शिवणीवर धरूनच पुढे देतो. सीमारेषेवरून एक टप्पा टाकून यष्टिरक्षकाकडे फेकले तर एक बाजू लवकर घासते, पण मुद्दाम जमिनीवर आपटायला लागले की पंच हटकतात. नखाने किंवा दुसऱ्या कशाने चेंडू खरवडला तर प्रतिस्पर्ध्याला 5 धावा मिळतात. थुंकी लावण्यावर 2020 मध्ये तात्पुरती आणि 2022 पासून कायमची बंदी आली, तेव्हापासून आंतरराष्ट्रीय सामन्यात सगळी भिस्त घामावर आहे.

मैदान कोरडे असेल तर अर्धे काम तेच करते. नागपूरची कोरडी दुपार त्यासाठी पोषक. हिवाळ्यातल्या सकाळी मात्र दवाने गवत ओले असते, चेंडू फुगतो आणि झिजलेली बाजूही ओलावा धरते. अशा वेळी गोलंदाजाने रिव्हर्सची घाई केली तर चेंडू सरळच जातो, आणि पुढे टाकलेला सरळ चेंडू म्हणजे फलंदाजाला ड्राइव्हचे आमंत्रण.

जामठा, फेब्रुवारी 2010

नागपूरजवळ वर्धा रोडवरच्या जामठा मैदानावर या तंत्राचा सर्वांत लख्ख नमुना भारताच्या विरोधात दिसला. दक्षिण आफ्रिकेच्या हाशिम अमलाच्या नाबाद 253 धावांनंतर भारताने उत्तरादाखल 4 बाद 221 पर्यंत मजल मारली होती. सेहवागचे शतक झाले होते. तिथून डेल स्टेनने जुना चेंडू आत आणायला सुरुवात केली आणि उरलेले सहा गडी 12 धावांत गेले. भारत सर्वबाद 233, स्टेन 51 धावांत 7. फिरकीची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खेळपट्टीवर एका वेगवान गोलंदाजाने हे केले, ही गोष्ट विदर्भातल्या प्रत्येक होतकरू गोलंदाजाने नीट पाहावी अशी आहे.

उमेश यादव

नागपूरचा प्रशांत वैद्य 1995-96 मध्ये भारताकडून 4 एकदिवसीय सामने खेळला होता. पण कसोटी खेळणारा विदर्भाचा पहिला क्रिकेटपटू म्हणजे उमेश यादव. जन्म 25 ऑक्टोबर 1987. वडील कोळसा खाणीत कामाला, त्यामुळे लहानपण खापरखेडा-वलनीच्या वसाहतीत गेले. विशीच्या आसपास येईपर्यंत तो टेनिस चेंडूवरच खेळला. टेनिस चेंडूला चकाकी नाही की चामड्याची शिवण नाही. तिथे चालतो तो वेग आणि बुंध्यात पडणारा यॉर्कर. शिवण सरळ ठेवणारे मनगट त्याला नंतर कमवावे लागले, यॉर्करची सवय मात्र आधीपासूनच होती. जुना चेंडू हाती आला की तीच कामी आली.

2008 मध्ये रणजी, 2010 मध्ये एकदिवसीय आणि नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण झाले. 57 कसोटींत 170 बळी, 75 एकदिवसीय सामन्यांत 106. 2015 च्या विश्वचषकात 18 बळी घेऊन तो भारतीयांत पहिला होता. त्याचा मूळ चेंडू आउटस्विंग. बोटे शिवणीच्या मागे न राहता बाजूने सरकली की चेंडू पॅडवर जायचा आणि फाइन लेगला चौकार मिळायचा. परदेशातल्या कसोटींत त्याची धावगती चढी राहिली, त्यामागे हेच मोठे कारण होते.

हैदराबादला ऑक्टोबर 2018 मध्ये पदार्पण करणारा शार्दुल ठाकूर दहा चेंडू टाकूनच जखमी झाला. वेगवान माऱ्याचा सगळा भार उमेशवर आला आणि त्याने 88 धावांत 6 व 45 धावांत 4 बळी घेतले. भारतात एका कसोटीत दहा बळी घेणारा तो कपिल देव आणि जवागल श्रीनाथनंतरचा तिसरा भारतीय वेगवान गोलंदाज.

मार्च 2023 मध्ये इंदूरला तर जामठ्याची आकडेवारीच जणू उलटी फिरली. ऑस्ट्रेलिया 4 बाद 186 वरून सर्वबाद 197, म्हणजे सहा गडी 11 धावांत. अश्विन आणि उमेश यांनी प्रत्येकी तीन टिपले. उमेशचे पृथक्करण 5 षटकांत 12 धावा, 3 बळी. ग्रीन पायचीत. मग डावखुऱ्या स्टार्कचा ऑफस्टंप कोलांट्या खात मागे गेला. हा उमेशचा भारतातला शंभरावा कसोटी बळी.

याच गोलंदाजाने जानेवारी 2019 मध्ये वायनाडच्या हिरव्या खेळपट्टीवर, रणजीच्या उपांत्य फेरीत, नव्या चेंडूवर केरळचे 48 धावांत 7 गडी बाद केले होते. त्याला केवळ जुन्या चेंडूचा गोलंदाज म्हणणे अन्यायाचे ठरेल.

मारा आणि बचाव

टप्पा पुढे हवा. चेंडू उशिरा वळतो, म्हणून आखूड टाकला तर वळण यष्टींवरून निघून जाते. स्लिपमधला एक काढून शॉर्ट मिडविकेटला ठेवतात. मधूनमधून चेंडूच्या बाजू बदलून तोच चेंडू बाहेर काढायचा. मात्र सारखी अदलाबदल केली तर स्वतःचीच दिशा चुकते.

मुरलेला फलंदाज गोलंदाजाच्या हातातली चकाकती बाजू पाहतो आणि चेंडू तिकडेच वळणार हे धरून बॅट पॅडजवळ, सरळ आणतो. झहीर खान म्हणूनच धावत येताना चेंडू दुसऱ्या हाताने झाकून घेई.

एकदिवसीय सामन्यांत ऑक्टोबर 2011 पासून दोन्ही टोकांना वेगळा नवा चेंडू आला. एकेक चेंडू जेमतेम 25 षटके वापरला जाऊ लागला आणि रिव्हर्स जवळपास संपला. जुलै 2025 पासून 34 षटकांनंतर दोनपैकी एकच चेंडू पुढे वापरायचा, असा बदल झाला आहे.