पार्श्वभूमी : विज्ञानकादंबरी मांडवाबाहेर का राहिली

नागपुरात विज्ञानकथा वाचणारे पुष्कळ भेटतात. दिवाळी अंकासाठी एखादी लिहून देणारेही भेटतात. पण कादंबरी हेच ज्याचं रोजचं काम आहे आणि त्यातली एखादी तरी विज्ञानकादंबरी आहे, असा लेखक हुडकावा लागतो. कारण विचारलं तर "आपल्याकडे तसं वातावरण नाही" असं ठरलेलं उत्तर मिळतं. या गावात पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९५८पासून आहे, कापसाची केंद्रीय संशोधन संस्था १९७६पासून आहे आणि गांधीसागराजवळ विज्ञान केंद्र १९९२पासून आहे. इतकं असताना वातावरणाची सबब टिकत नाही. कारण शोधायचं तर साहित्याच्या व्यवहारातच शोधावं लागेल.

सुरुवातीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहेच: १९००च्या आसपास मासिकातून क्रमशः आलेली चंद्रसफरीची फ्रेंच कादंबरी, मग १९१५ची पहिली स्वतंत्र मानली जाणारी कथा, मग कुमारांसाठी झालेली रूपांतरं. त्यापेक्षा कलकत्त्याची एक हकिगत आपल्या जास्त कामाची आहे. १८९६ साली तिथे केसांच्या तेलाच्या एका कारखानदाराने कथास्पर्धा भरवली. कथेत तेलाचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटू नये, अशी अपेक्षा होती. बक्षीस मिळालं ते तेलाच्या बाटलीने समुद्रातलं वादळ शमवणाऱ्या कथेला आणि ती लिहिणारा होता एक भौतिकशास्त्रज्ञ. म्हणजे शास्त्रज्ञ लेखक, स्पर्धेचा दरवाजा आणि स्पर्धा भरवणाऱ्याचा साहित्याबाहेरचा हेतू, हा तिहेरी योग पहिल्याच पावलाला जुळून आला होता. मराठीत तो जुळायला आणखी पाऊणशे वर्षं लागली.

मधल्या काळात मराठी विज्ञानकथा अनाथ होती असं नाही. पन्नास-साठच्या दशकांत ती अद्भुतरम्य मासिकांतून वाढत होती. एकाच अंकात भूत, खून, यंत्रमानव आणि परग्रहावरचा पाहुणा सुखाने नांदत. तिथे लिहिणारे पोटासाठी आणि हौसेसाठी भराभर लिहीत, कादंबरीच्या लांबीचंही लिहीत, आणि वाचनालयातून त्यांची पुस्तकं पुठ्ठा निघेपर्यंत फिरत. आजच्या बहुतेक आढाव्यांत या मंडळींना एक परिच्छेद मिळतो, तोही "पूर्वतयारी" म्हणून. माझ्या मते पहिली मोठी चूक इथे झाली. गोष्ट पानोपानी खेचत न्यायचं कसब त्यांच्याकडे होतं आणि पुढच्या पिढीने नेमकं तेच टाकून दिलं.

१९६६मध्ये मुंबईत विज्ञानप्रसाराची एक संस्था उभी राहिली आणि पुढे तिने विज्ञान रंजन कथांची स्पर्धा सुरू केली. केंब्रिजहून परतून मुंबईत स्थिरावलेल्या एका खगोलशास्त्रज्ञाने १९७४ साली या स्पर्धेला कथा पाठवली, ती टोपणनावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून त्याने नाव बनवलं होतं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हातून लिहून घेतली होती. अहमदाबादच्या एका परिषदेत एक व्याख्यान फार कंटाळवाणं चाललं होतं, तेव्हा तिथेच ही कथा सुरू झाली, हेही त्यांनीच नंतर सांगितलं आहे. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मग नाव उघड झालं, संपादकांची पत्रं आली आणि विज्ञानकथा रहस्यकथांच्या शेजारून उठून प्रतिष्ठित मासिकांच्या ओसरीवर आली.

हा प्रसंग मराठीत कौतुकाने सांगितला जातो आणि ते कौतुक योग्यच आहे. पण त्याची उलटी बाजू कोणी फारशी बोलत नाही. कथा जिंकली ती नाव झाकून. त्यानंतर मात्र जे चाललं ते नावाच्या आणि पदवीच्या जोरावर. संपादक विज्ञानकथा मागायला लागले ते रसायन अभियंत्याकडे, भूशास्त्रज्ञाकडे, डॉक्टरकडे. त्यातले काही अस्सल कथाकार निघाले, हे मराठीचं भाग्य. पण मानसशास्त्राच्या किंवा इतिहासाच्या वाटेने आलेल्या कादंबरीकाराला मात्र "तुमचं विज्ञान तपासून घेतलंत ना?" हा प्रश्न आधी यायला लागला. ऐतिहासिक कादंबरीवाल्याला इतक्या कडकपणे कोणी दफ्तर दाखवायला लावत नाही.

स्पर्धेबरोबर एक कसोटीही रुळली: विज्ञान काढून घेतलं तर कथा कोसळली पाहिजे. दहा पानांच्या कथेला ही कसोटी उत्तम लागू पडते. एकच कल्पना, एकच कलाटणी, शेवटी उलगडा. कथेला एक खुंटी पुरते, पण कादंबरी म्हणजे नांदतं घर असतं. त्यात विज्ञान स्वयंपाकघरातही असतं, भाऊबंदकीतही असतं आणि काही खोल्यांत मुळीच नसतं. तीनशे पानांतून विज्ञान वजा केल्यावर जर माणसांचं काहीच उरत नसेल, तर ती कादंबरी म्हणूनच कच्ची आहे. शिवाय हेतू प्रसाराचा असल्याने कथेत समजावून सांगणारा कोणीतरी हवाच. त्यातून सर्वज्ञ प्राध्यापक आणि त्याला प्रश्न विचारणारा पत्रकार मित्र ही जोडी जन्माला आली. अजूनही ती निवृत्त झालेली नाही.

दिवाळी अंकांनी या साच्याला कायमचं घर दिलं. १९०९पासूनची ही परंपरा कथेला पोसते, कादंबरीला नाही. सप्टेंबरात पानं लावून मोकळं व्हायचं असतं, तेव्हा संपादकाला आटोपशीर मजकूर हवा असतो. विज्ञानकादंबऱ्या झाल्याच नाहीत असं नाही. त्याच खगोलशास्त्रज्ञाने त्या लिहिल्या, इतरांनीही लिहिल्या. १९९३मध्ये दिल्लीच्या सरकारी प्रकाशनगृहाने भारतीय विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह काढला, त्याचे संपादक मराठीच होते. पण तोही कथांचाच.

नागपूरचा वाचक या सगळ्याकडे जरा लांबून पाहत होता. १९५६पर्यंत हे शहर एका मराठी-हिंदी प्रांताची राजधानी होतं, आणि त्या दुहेरीपणाची सवय वाचनालाही आहे. घरात मराठी मासिक, स्टेशनच्या स्टॉलवरून हिंदी पॉकेटबुक, सीताबर्डीच्या फुटपाथवरून पाठपोट फाटलेली इंग्रजी पेपरबॅक, असा संसार. त्यात मॉस्कोत छापलेली स्वस्त पुस्तकं होती. १९९१मध्ये तो पुरवठा आटला. या भेळीमुळे इथल्या वाचकाला विज्ञान आणि गोष्ट वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची फारशी गरज वाटली नाही. लेखकाला मात्र ती वाटली, कारण लेखकाचं भवितव्य कप्प्यांवर ठरत होतं. नागपूरच्या साहित्याचा अभिमान कवींवर, नाटककारांवर आणि ग्रामीण-दलित लेखनावर उभा आहे. या रांगेत विज्ञानकादंबरीला उभं राहायला जागा नव्हती. "हे अंतराळबिंतराळ कायले लिहून राहिले बावा" हा आपुलकीचाच सूर, पण पुरेसा होता.

२००७मध्ये साहित्य संमेलन नागपुरात भरलं. अध्यक्ष मूळचे विदर्भातले, पत्रकार आणि कादंबरीकार. त्यांची ओळख राजकीय कादंबऱ्यांची, आणि ती रास्तही आहे. पण त्यांच्या नावावर विज्ञानकादंबरीही आहे. धंदेवाईक कादंबरीकाराने हा प्रकार हाताळला तर काय होतं, याचा नमुना त्या वर्षी आपल्याच मांडवात बसला होता. त्यावर चर्चेचा एक दिवस बेतणं कठीण नव्हतं.

आता त्या निर्णयाबद्दल, ज्याच्यामुळे हे टिपण लिहावंसं वाटलं. संमेलनाध्यक्षाची निवडणूक बंद करून सन्मानाने निवड करायची, असं २०१८मध्ये ठरलं. संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाचं कार्यालय तेव्हा फिरतीवर नागपूरकडे होतं, म्हणजे घटनादुरुस्तीचे कागद याच शहरातून हलले. यवतमाळचं २०१९चं संमेलन या नव्या पद्धतीचं पहिलं. बाजू दोन्हीकडे होत्या. निवडणुकीत हजाराच्या आसपास मतदार, तेही घटक संस्थांमध्ये वाटलेले. गठ्ठ्याने मतं गोळा केल्याच्या तक्रारी दरवर्षीच्या. मोठे लेखक दारोदार मतं मागायला तयार नसत. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की मतदार तरी हजार होते, आता बंद खोलीत मूठभर माणसं ठरवणार. नागपुरात यावर जोरजोरात भांडणं झाली आणि मला वाटतं दोन्ही पक्ष आपापल्या जागी खरे होते.

विज्ञानकथेच्या दृष्टीने मात्र या निर्णयाचं फळ स्पष्ट आहे. जानेवारी २०२१मध्ये नाशिकच्या संमेलनासाठी त्याच खगोलशास्त्रज्ञाची निवड झाली. विज्ञानकथा हा ज्याच्या लेखनाचा कणा आहे असा अध्यक्ष त्याआधी झाला नव्हता. निवडणूक असती तर ते उभेच राहिले नसते, हे सांगायला ज्योतिषी नको. विज्ञानकथेला मतदारसंघ नाही. तिच्या लेखकांमागे प्रादेशिक संस्था नाही, चळवळ नाही, विद्यापीठातला विभागही नाही. म्हणून ज्या बदलाला लोकशाहीविरोधी म्हणून नावं ठेवली गेली, त्याच बदलाने एका दुर्लक्षित प्रकाराला पहिल्यांदा व्यासपीठाच्या मधोमध बसवलं. मी निवडणुकीच्या बाजूचा होतो आणि तत्त्वतः अजूनही आहे, पण ही गोष्ट नाकारता येत नाही.

नंतर जे झालं ते अर्धवट राहिलं. कोविडमुळे मार्चचं संमेलन डिसेंबर २०२१वर गेलं, आणि प्रकृतीमुळे अध्यक्ष नाशिकला येऊ शकले नाहीत. त्यांच्या गैरहजेरीवर जाहीर नाराजी व्यक्त झाली आणि वर्तमानपत्रांचे रकाने त्यात गेले. विज्ञानकथेवर वाद व्हायचा तो राहिला आणि खुर्चीवर झाला. पुढच्या निवडी पाहिल्या तर उदगीरला कथाकार, वर्ध्याला निवृत्त न्यायमूर्ती, २०२४मध्ये अमळनेरला नागपूरचेच कादंबरीकार, दिल्लीला लोकसाहित्याच्या अभ्यासक, साताऱ्याला ऐतिहासिक कादंबरीकार. नाशिकची निवड हा नियम ठरला नाही. शिवाय तिने जुना समजही पक्का केला: विज्ञानकथेचा मान शास्त्रज्ञाला मिळतो. मे २०२५मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं तेव्हा श्रद्धांजल्यांमध्ये शास्त्रज्ञ आधी आणि लेखक नंतर आला. त्यांच्यापुरतं ते बरोबरच होतं. ज्याच्याकडे फक्त "नंतर"चाच भाग आहे, त्या कादंबरीकाराने कुठे उभं राहायचं, हा प्रश्न तसाच आहे.

जानेवारी २०२३मध्ये नागपूर विद्यापीठाच्या शताब्दीनिमित्त भारतीय विज्ञान काँग्रेस इथे भरली. पुढच्याच महिन्यात पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याला साहित्य संमेलन. या दोन मांडवांमध्ये एकही समाईक चर्चा कोणाला सुचल्याचं मला आढळलं नाही.

सामग्रीची तर ददात नाही. बीटी कापसाला परवानगी २००२मध्ये मिळाली. त्यानंतर विदर्भातल्या शेतकऱ्याचं आयुष्य एका जनुकाशी बांधलं गेलं. सरकारी संशोधकांनी स्वतःचं बीटी वाण तयार केलं. ते शेतकऱ्याला पुन्हा पेरता येईल असं सरळ वाण होतं. २००९च्या सुमारास ते बाजारात आलं आणि त्यात खासगी कंपनीचंच जनुक असल्याचं निघाल्यावर थांबवावं लागलं. प्रयोगशाळा, बियाण्याची पिशवी, पाटबंधाऱ्याचं न आलेलं पाणी आणि सावकार, सगळं एका तालुक्यात. आमच्या ग्रामीण कादंबरीने सावकार घेतला आणि जनुक सोडलं. विज्ञानकथेने जनुक घेतलं आणि ते पुण्याच्या प्रयोगशाळेत नेऊन ठेवलं. निदान माझ्या वाचनात तरी दोन्ही एकत्र नांदवणारी मोठी मराठी कादंबरी आलेली नाही.

जुलै २०२२मध्ये कोराडीजवळचा राखेचा बंधारा फुटला आणि वीजकेंद्राची राख शेतांत, नाल्यांत उतरली. ३० मे २०२४ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं. संवेदकात बिघाड होता असा खुलासा हवामान खात्याने नंतर केला. पण तोवर आकडा मोबाइलवरून गावभर फिरला होता आणि माणसांनी तो खरा धरून कुलरची टाकी दुसऱ्यांदा भरली होती. खोटा आकडा खरा वाटावा इतकं खरं ऊन आधीच होतं. वास्तववादी कादंबरीकाराने हे लिहिलं तर ते वास्तव ठरतं की विज्ञानकथा, यावर इथले समीक्षक अजून काही बोललेले नाहीत.

व्यवहार मात्र आपल्या परीने मार्ग काढतो. हजाराची आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकाची भिस्त ग्रंथालयांच्या खरेदीवर असते, आणि खरेदीच्या याद्या रकान्यांनी चालतात. माझ्या हातातल्या कादंबरीत बियाण्याचं ते प्रकरण आहे, २०४०चा उन्हाळा आहे आणि हिंगणघाटची एक जिनिंग आहे. प्रकाशकाने हस्तलिखित वाचून पसंती दिली आणि मुखपृष्ठावर "ग्रामीण कादंबरी" असं छापायचं सुचवलं आहे. त्या रकान्यात प्रती जास्त उठतात, असं त्यांचं म्हणणं. मी होकार दिला आहे. २०४० हे साल तेवढं पाठमजकुरात येऊ नये, अशी त्यांची दुसरी सूचना आहे. तिच्यावर अजून बोलणं चालू आहे.