व्यायामसातत्य

व्यायामसातत्य : सुरू केलेला नियमित व्यायाम महिनोन्‌महिने आणि वर्षानुवर्षे चालू ठेवण्याची वृत्ती व प्रत्यक्ष वर्तन. व्यायामास आरंभ करणे, तो टिकवणे आणि आजारपण, प्रवास किंवा घरातील कार्य यांमुळे खंड पडल्यावर पुन्हा त्याकडे वळणे या तीन निरनिराळ्या गोष्टी असून त्यांमागील मानसिक प्रेरणाही एकसारख्या नसतात, हे व्यायाम-मानसशास्त्रात आता सामान्यतः मान्य झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस हालचालीची शिफारस केली. व्यायामाचे प्रकार व शारीरिक लाभ यांचा विचार या नोंदीत केलेला नाही.

प्राचीन ग्रंथांतील विचार : आयुर्वेदाच्या संहितांत व्यायामाची व्याख्या, मात्रा आणि निषेध यांचा ऊहापोह आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाचे विवेचन असून, त्याच अध्यायात पुढे अहितकर सवयी अंशाअंशाने सोडाव्यात व हितकर सवयी तशाच अंशाअंशाने अंगी बाणवाव्यात, असा क्रम सांगितला आहे. हे दोन विषय हेतुपूर्वक जोडले गेले की अध्यायाच्या ओघात शेजारी आले, हे निश्चित सांगणे कठीण आहे. तथापि शरीराच्या बळापेक्षा सवयीच्या जडणघडणीला स्वतंत्र पद्धत लागते, ही जाण त्यात स्पष्ट दिसते. सुश्रुताने व्यायाम आपल्या बळाच्या अर्ध्या मर्यादेपर्यंतच करावा असे म्हटले आहे. व्यायाम करताना हृदयस्थानचा वायू मुखाशी येऊ लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागू लागला, की अर्धे बळ खर्ची पडले, असे त्याचे लक्षणही त्याने दिले आहे. वाग्भटानेही अर्धशक्तीचाच नियम सांगितला. या संहितांचे आजचे पाठ अनेक संस्करणांतून सिद्ध झालेले असल्याने एखाद्या विशिष्ट वचनाचा काळ ठरवणे अवघड आहे. शिवाय हा नियम शरीराला अपाय होऊ नये यासाठी आहे, व्यायाम टिकावा यासाठी नव्हे. आधुनिक संशोधनाशी त्याचे असलेले साम्य पुढे दाखवले आहे, पण त्या साम्यावरून परंपरेचे सलग सूत्र गृहीत धरू नये. पतंजलीच्या योगसूत्रांतील ‘दीर्घकाल, नैरंतर्य आणि सत्कार’ यांनी अभ्यास दृढ होतो, हे सूत्रही (१.१४) व्यायामाच्या संदर्भात वारंवार उद्धृत होते. मूळ संदर्भ चित्तवृत्तींच्या निरोधाचा आहे. तरीही काळ व अखंडता यांच्या जोडीने आदर हा तिसरा घटक त्यात आला आहे, हे लक्षणीय होय.

तालीम आणि सूर्यनमस्कार : महाराष्ट्रातील तालमींविषयीची माहिती मुख्यतः डावपेच, खुराक आणि नामवंत मल्ल यांच्याभोवती गोळा झालेली आहे. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या व्यायामज्ञानकोशाच्या खंडांतही भर व्यायामप्रकारांवर व तंत्रावर आहे. मात्र कोल्हापूर, सांगली किंवा पुणे येथील तालमीचा दिनक्रम पाहिला, तर सातत्याला पोषक अशी अनेक अंगे त्यात एकत्र आलेली दिसतात. पहाटेची वेळ ठरलेली असते. तेल, ताक, हळद घालून मळलेली हौद्यातील तांबडी माती आळीपाळीने उकरावी लागते, आणि ते काम ज्याच्याकडे असते त्याला त्या दिवशी चुकवून चालत नाही. मारुतीला नमस्कार झाला की जोर, बैठका, सपाट्या यांचा क्रम ठरलेला असतो, त्यामुळे आज काय करायचे हा प्रश्नच उरत नाही. लढतीला जोडीदार लागतो. तो आला नाही तर दुसऱ्याचा सराव अडतो. शिवाय वस्तादाची नजर सर्वांवर असते. वेळ, जागा, क्रम आणि माणसे ही चारही ठरलेली असल्याने रोजच्या रोज मनाशी झगडण्याची गरज तेथे कमी पडते.

औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा जो प्रसार केला, त्याची भिस्त वेगळ्या गोष्टीवर होती. साधन नको, मोठी जागा नको, खर्च नको आणि स्त्री-पुरुष-मुले सर्वांना घरच्या घरी करता येतो, असा व्यायाम त्यांनी पुढे ठेवला व संस्थानातील शाळांतून तो रुजवला. व्यायाम टाळण्याची कारणेच काढून घेण्याचा हा मार्ग आजच्या परिभाषेत अडथळे कमी करण्याचा उपाय ठरतो.

गळतीचे प्रमाण : आधुनिक अभ्यासाचा उगम व्यायामशाळेत नसून रुग्णालयात आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना देखरेखीखाली व्यायाम देण्याचे कार्यक्रम १९७० नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत वाढले आणि ज्यांच्या जिवाशी प्रश्न निगडित आहे असे रुग्णही मध्येच येणे सोडतात, ही गोष्ट संशोधकांच्या ध्यानात आली. कॅनडातील नील ओल्ड्रिज यांनी या गळतीचा अभ्यास केला. अमेरिकेतील रॉड डिशमन यांनी १९८२ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला व १९८८ मध्ये या विषयावरील ग्रंथ संपादित केला. ‘व्यायाम सुरू करणाऱ्यांपैकी निम्मे लोक सहा महिन्यांत तो सोडतात’ हे सर्वत्र सांगितले जाणारे विधान या सुमाराच्या आढाव्यांतून प्रचलित झाले असावे. ते देखरेखीखालील कार्यक्रमांपुरते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु कार्यक्रम सोडणारा माणूस व्यायामच सोडतो असे नाही. तो घरी किंवा मैदानावर व्यायाम करत राहू शकतो, आणि उलट हजेरीपटावर नाव असलेला माणूस महिन्यातून दोनदाच येत असू शकतो. म्हणून हा आकडा सर्व प्रकारच्या व्यायामास सरसकट लावणे योग्य नाही.

सवयीचा कालावधी : व्यायामाची सवय लागण्यास २१ दिवस लागतात, ही समजूत मराठी वृत्तपत्रांच्या आरोग्यविषयक पुरवण्यांतही रूढ आहे. तिचे मूळ बहुधा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक शल्यचिकित्सकाच्या १९६० मधील पुस्तकात असावे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची ओळख पटण्यास रुग्णाला साधारण २१ दिवस लागतात, असे त्यांनी आपल्या अनुभवावरून नोंदवले आणि मनातील जुनी प्रतिमा विरण्यास ‘किमान’ एवढे दिवस लागतात असे अनुमान मांडले. हे निरीक्षण नव्या रूपाची सवय होण्याविषयी होते. रोज एखादी कृती करण्याशी त्याचा थेट संबंध नव्हता. पुढील लेखकांच्या हाती ‘किमान’ हा शब्द गळाला व निरीक्षणाचा नियम झाला.

या प्रश्नावर सर्वाधिक उद्धृत होणारा प्रत्यक्ष अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व सहकाऱ्यांचा असून तो २०१० मध्ये छापला गेला. त्यात ९६ व्यक्तींनी खाणे, पिणे किंवा हालचाल यांपैकी एक नवी कृती निवडली आणि ती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाशी जोडली. उदाहरणार्थ, रात्रीच्या जेवणापूर्वी १५ मिनिटे धावणे. कृती कितपत आपोआप घडते, याची नोंद त्यांनी १२ आठवडे ठेवली. आपोआपपणाची वाढ आरंभी वेगाने व नंतर मंद होत जाते असे दिसले. कमाल पातळीच्या जवळ पोचण्यास लागणाऱ्या काळाचा मध्यांक ६६ दिवस निघाला, परंतु व्यक्तिपरत्वे तो १८ ते २५४ दिवस असा पसरलेला होता. आता २१ ऐवजी ६६ हा आकडा मंत्रासारखा सांगितला जातो, तोही सावधपणेच घ्यावयास हवा. ज्यांच्या नोंदी गणिती वक्राशी चांगल्या जुळल्या अशा केवळ ३९ व्यक्तींवर तो आधारलेला आहे, आणि अभ्यास ८४ दिवसांचा असल्याने त्यापलीकडचे आकडे वक्र पुढे वाढवून काढलेले आहेत. व्यायामासारख्या कृतीला खाण्यापिण्याच्या कृतीपेक्षा सुमारे दीडपट काळ लागला. या अभ्यासातील अधिक मोलाचा निष्कर्ष मात्र क्वचितच सांगितला जातो : एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा अडथळा आला नाही. एक दिवस मोडला म्हणून सारे वाया गेले असे मानून व्यायाम सोडून देणाऱ्यांची संख्या लक्षात घेता या निष्कर्षास व्यावहारिक महत्त्व आहे.

प्रेरणेचे सिद्धांत : या क्षेत्रात अनेक सिद्धांत वापरले जातात. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेला स्वसामर्थ्याचा सिद्धांत, म्हणजे ‘अडचण आली तरी मी हे करू शकेन’ हा विश्वास वर्तनाला आधार देतो हे मत, आजही भक्कम मानले जाते. प्रोचास्का व डिक्लेमेंटे यांचे बदलाच्या टप्प्यांचे प्रतिमान (१९८३) धूम्रपान सोडण्याच्या अभ्यासातून आले व पुढे व्यायामाला लावले गेले. समुपदेशनात ते सोयीचे असले, तरी बदल कृतीत आणणे व तो टिकवणे या टप्प्यांमध्ये सहा महिन्यांवर आखलेली त्यातील सीमारेषा संकेतापलीकडे फारशी टिकत नाही.

तुलनेने अधिक समाधानकारक स्पष्टीकरण एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वनिर्धारण सिद्धांताने मिळते. डेसी यांच्या १९७१ मधील प्रयोगात ठोकळ्यांची कोडी सोडवण्यासाठी ज्या विद्यार्थ्यांना पैसे दिले गेले, त्यांनी पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे आधीपेक्षा कमी लक्ष दिले. यातून बाह्य व आंतरिक प्रेरणा यांचा भेद पुढे आला आणि १९८५ मधील ग्रंथात त्याची सविस्तर मांडणी झाली. या मांडणीचे बळ तिने दाखवलेल्या मधल्या पायऱ्यांत आहे. डॉक्टरांनी दटावले म्हणून चालायला जाणारा, न गेल्यास स्वतःलाच अपराधी वाटते म्हणून जाणारा, गुडघे शाबूत राहावेत हे मनापासून पटले म्हणून जाणारा आणि चालण्यातच आनंद वाटतो म्हणून जाणारा, हे चौघेही एकाच बागेत एकाच वेळी दिसतात, परंतु पहिल्या दोघांचे येणे आधी थांबण्याचा संभव अधिक असतो. रायन व सहकाऱ्यांच्या १९९७ मधील अभ्यासात तायक्वांदो शिकणारे आणि एरोबिक्सला येणारे यांची तुलना करता, शरीराच्या दिसण्यापेक्षा आनंद व कौशल्य यांना महत्त्व देणाऱ्या तायक्वांदोच्या गटाने अधिक काळ तग धरला. पेद्रो तेशेरा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ६६ अभ्यासांचा आढावा घेतला. आरंभीच्या काळात ‘पटले म्हणून’ ही प्रेरणा प्रभावी असते, दीर्घकाळात मात्र आंतरिक आनंद अधिक उपयोगी पडतो, असा त्याचा सूर आहे.

बक्षिसामुळे आंतरिक प्रेरणा खरोखर घटते का, यावर मतभेद आहेत. कॅमेरॉन व पिअर्स यांनी १९९४ मध्ये तसा परिणाम फारसा होत नसल्याचे म्हटले. डेसी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १२८ अभ्यास एकत्र करून त्याचा प्रतिवाद केला. व्यायामापुरते पाहिल्यास, चार्नेस व ग्नीझी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पैसे देऊन जिममध्ये आणलेले विद्यार्थी पैसे बंद झाल्यावरही, विशेषतः पूर्वी न येणारे, अधिक येत राहिले. परंतु आक्लंड व लेव्ही यांनी २०१५ मध्ये दाखवले की हा परिणाम हिवाळ्याच्या सुटीनंतर बराचसा ओसरतो.

संकल्प आणि कृती : आइझेक आयझेन यांच्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतानुसार हेतू हा वर्तनाचा निकटचा पूर्वगामी असतो. तथापि ऱ्होड्स व डी ब्राइन यांनी २०१३ मध्ये एकत्र केलेल्या अभ्यासांत व्यायामाचा हेतू असलेल्यांपैकी सुमारे ४६ टक्के लोकांच्या हातून तो पार पडला नव्हता. हे अंतर तळमळीच्या अभावाचे नाही, हे मिल्न, ऑर्बेल व शीरन यांच्या २००२ मधील प्रयोगाने चांगले दाखवले. पुढील आठवड्यात निदान एकदा २० मिनिटे जोरकस व्यायाम करणाऱ्यांचे प्रमाण असा कोणताही उपाय न केलेल्या तुलनेच्या गटात ३८ टक्के, तर हृदयरोगाविषयी प्रेरक मजकूर वाचलेल्या गटात ३५ टक्के होते. तोच मजकूर वाचून शिवाय वार, वेळ व ठिकाण लिहून देणाऱ्या गटात ते ९१ टक्क्यांवर गेले. प्रयोग विद्यार्थ्यांवर झालेला व अल्पकालीन आहे, एवढी मर्यादा ध्यानात ठेवावी.

स्वतःविषयीचा अंदाज किती चुकतो, याचे उदाहरण डेलाविन्या व मालमेंडियर यांनी २००६ मध्ये दिले. अमेरिकेतील तीन व्यायामकेंद्रांत महिन्याला ७० डॉलरहून अधिक शुल्क भरणारे सदस्य सरासरी ४.३ वेळाच येत. म्हणजे प्रत्येक खेपेस १७ डॉलरहून अधिक पडत, जेव्हा दहा खेपांच्या पासाने दर खेपेस १० डॉलरच लागले असते. कॅथरिन मिल्कमन व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६१,२९३ जिमसदस्यांवर चार आठवड्यांचे ५४ उपक्रम एकाच वेळी तपासले गेले. त्यांपैकी ४५ टक्के उपक्रमांनी उपस्थिती वाढवली, पण चार आठवड्यांनंतरही परिणाम टिकलेले केवळ ८ टक्के होते. सर्वांत सरस ठरलेल्या उपक्रमात खंड पडल्यावर परत येणाऱ्यास छोटेसे बक्षीस होते.

तीव्रता आणि सुखदुःखाची जाणीव : पँटेलेमॉन एक्केकाकिस यांच्या संशोधनानुसार श्वासोच्छ्वास एकाएकी वेगाने वाढू लागतो त्या उंबरठ्याच्या खालचा व्यायाम बहुतेकांना सुखद वाटतो, उंबरठा ओलांडल्यावर जवळजवळ सर्वांनाच तो नकोसा होऊ लागतो. व्यायाम चालू असतानाची ही जाणीव पुढील महिन्यांतील सातत्याशी निगडित असल्याचे काही लहान अभ्यासांत आढळले आहे. सुश्रुताचे तोंडाने श्वास घेण्याचे लक्षण आणि हा उंबरठा यांतील जवळीक उघड आहे. नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात दमवून सोडण्याच्या पद्धतीस या संशोधनाने सबळ आक्षेप उभा केला आहे.

भारतातील स्थिती : भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंडीगड येथील १४,२२७ व्यक्तींपैकी ५४.४ टक्के निष्क्रिय गटात होत्या. शहरी भागात हे प्रमाण ग्रामीण भागापेक्षा अधिक होते आणि पुरुषांच्या तुलनेत स्त्रिया कमी सक्रिय होत्या. महाराष्ट्रात ९१.३ टक्के व्यक्ती फावल्या वेळेत कोणतीही शारीरिक हालचाल करत नव्हत्या. शेतात दिवसभर राबणारी स्त्री अशा पाहणीत सक्रिय ठरते, पण व्यायाम करणारी ठरत नाही. आणि वर उल्लेखिलेले प्रेरणेचे प्रयोग बव्हंशी फावला वेळ हाती असलेल्या पाश्चात्त्य विद्यार्थ्यांवर व जिमसदस्यांवर झालेले आहेत. स्वतःची म्हणावी अशी अर्ध्या तासाची वेळ आणि निर्धास्तपणे चालता येईल असा रस्ता ज्यांना मिळत नाही, त्यांच्या बाबतीत व्यायाम सुटण्याचे कारण प्रेरणेत शोधणे अपुरे ठरते.