गोळी आधी, वरण नंतर

सकाळी आठची गोळी, सोबत कपभर दूध आणि दोन उकडलेली अंडी. पार्किन्सन झालेल्या माणसाला घरचे मायेनं असंच देतात. मग साडेनऊ वाजले तरी शर्टाचं बटण लागत नाही, उंबऱ्यापाशी पाऊल अडतं. ‘आज गोळी लागूच पडली नाही,’ असं सगळे म्हणतात. बऱ्याचदा गोळी पोटात असते, पण तिला वाट मिळालेली नसते.

या आजारात मेंदूतल्या डोपामिन, म्हणजे हालचालींना लागणारं रसायन, बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. डोपामिन थेट दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही, म्हणून मेंदूत पोचून डोपामिन होणारं लेव्होडोपा गोळीतून देतात. लेव्होडोपा हे स्वतःच एक अमिनो आम्ल; प्रथिनं पचली की त्यांचीही अमिनो आम्लंच होतात. दूध, अंडी, डाळ, मटण पचताना सुटणाऱ्या काही अमिनो आम्लांची आणि त्याची वाहनं एकच. लहान आतड्यातून रक्तात जाताना रेटारेटी होते, आणि मेंदूच्या वेशीवर पुन्हा एकदा.

म्हणून ही गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं, पाण्यासोबत घ्यावी. मळमळत असेल तर एखादं साधं बिस्किट चालतं. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा. लोह लेव्होडोपाला बांधून ठेवतं.

हे ऐकून काही घरांत डाळ-दूधच बंद होतं. कृपा करून तसं करू नका. या आजारात वजन आधीच उतरतं, त्यात स्नायू झिजले तर तोल आणखी जातो. प्रथिनं कमी करायची नाहीत, त्यांची वेळ हलवायची. ज्यांना दिवसा गोळीचा असर अपुरा पडतो, त्यांनी दुपारी भात-भाजी, तर वरण, पनीर, मासे रात्री, असं डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांना विचारून करून पाहावं. सगळ्यांनाच याची गरज पडत नाही.

बद्धकोष्ठ तर अनेकांना हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून असतं. पाणी, पालेभाजी, पपई, पेरू रोज हवेतच. पाणी पिताना ठसका लागत असेल तर मात्र ते अंगावर काढू नका. गिळण्याची तपासणी करून घ्या.

खाजकुइलीच्या बियांत निसर्गतःच लेव्होडोपा असतं, हे खरं. पण चूर्णाच्या चमच्यात ते नेमकं किती, हे कळत नाही. चालू गोळ्यांवर ते मनानं घेतलं तर डोस वाढतो आणि अंग नको तसं वळवळू लागतं. ‘आयुर्वेदिकच तर आहे’ म्हणून ही गोष्ट डॉक्टरांना सांगायची राहून जाते. ती आधी सांगा.