विद्यापीठ-शाळा सहकार्य (कोल्हापूर)

विद्यापीठाने व संलग्न महाविद्यालयांनी जिल्हा परिषद, महापालिका आणि अनुदानित शाळांशी कायमचा संबंध ठेवून तिथल्या मुलांची उच्च शिक्षणासाठी व कामधंद्यासाठी तयारी करून घेणे, म्हणजे विद्यापीठ-शाळा सहकार्य. शिकागो विद्यापीठात जॉन ड्यूई यांनी १८९६ मध्ये प्रयोगशील शाळा काढली, ती या विचाराची जुनी खूण. भारतात कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) शाळांच्या गुणवत्तावाढीला हातभार लावणे ही विद्यापीठांची जबाबदारी मानली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे, आणि गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभे राहिले तेही त्यांच्याच पुढाकाराने.

कोल्हापुरात या कामाची मुळे त्याहून खोल आहेत. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण त्याआधीच, १९०१ पासून, वसतिगृहे उभारायला घेतली होती. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर राहील कुठे आणि जेवेल काय, हा प्रश्न त्यांनी आधी सोडवला. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ची वाट रुजवली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठानेही ही योजना आपलीशी केली.

आज विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे येतात. एकट्या कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा फार तर सातवी-आठवीपर्यंतच. पुढे मूल गावाबाहेरच्या हायस्कुलात जाते आणि गळतीची भीती तिथेच सुरू होते. त्यामुळे दहावीच्या निकालानंतर भरवलेला मार्गदर्शन मेळावा फार उशिराचा ठरतो. संबंध आठवीपासून हवा. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षाही आठवीतच असते. ती मिळाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात.

राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे गावोगावी होतात. बांध घातला जातो, भिंती रंगतात. शाळेतल्या मुलांच्या मनात मात्र वेगळेच काही राहते. एखादी बी.एस्सी.ची ताई कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते, विटांसारख्या पेशी दिसतात, आणि ओळीत उभे असलेले पोर पुन्हा मागे जाऊन नंबर लावते. तीच ताई पुढच्या महिन्यात परत आली, तर ते खरे सहकार्य.

दुसरे काम कागदपत्रांचे, आणि ते अजिबात किरकोळ नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, आधारला जोडलेले बँक खाते यांतला एक कागद अडला की प्रवेश किंवा शिष्यवृत्ती हुकते. घरातली पहिलीच पिढी शिकत असेल तर हे सांगणारे कोणी नसते. गेल्या वर्षी स्वतःचा अर्ज भरलेली महाविद्यालयीन विद्यार्थिनी इथे कोणत्याही पाहुण्या वक्त्यापेक्षा उपयोगी पडते. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र मुलींना २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ आहे. ही गोष्ट मुलीच्या आईवडिलांना ती दहावीत जाण्यापूर्वी कळायला हवी, कारण लग्नाचा विषय घरात त्याच सुमारास निघतो.

कामधंद्याची ओळख करून द्यायला कोल्हापूरसारखे ठिकाण नाही: शिरोली व गोकुळ शिरगावच्या फौंड्र्या (धातूच्या ओतकामाचे कारखाने), उद्यमनगरची वर्कशॉप, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुचवले आहेत. ते इथे सार्थकी लागावेत. फौंड्रीत मोल्डिंगला (साचे बनवायला) जाणाऱ्या बापाच्या मुलाला भट्टी ऐकून माहीत असते. धातूचा रस साच्यात ओतण्याआधी त्याचा नाण्याएवढा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर) तपासणारी व्यक्ती धातुशास्त्र शिकलेली असते, हे त्याला कोणी दाखवलेले नसते.

गगनबावडा, शाहूवाडी किंवा चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांसाठी अशी भेट आखताना पहिली चौकशी परतीच्या शेवटच्या एसटीची करावी लागते.